ह्यांचा ट्रॅक्टर

"अहो, हे काय आणलंत?"

हात पुसत मी बाहेर आले तेव्हा टेम्पोच्या मागे दोन फळ्या लावलेल्या होत्या आणि त्यांवरून एक गंजकं धूड उलट्या तोंडाने खाली उतरत होतं. टेम्पोवाला वरून दोर धरून होता, आमचे हे खालून आधार देत होते. धूड म्हणजे ट्रॅक्टर. शेतातला मोठा नव्हे. बागेतलं गवत कापायचा, एका माणसाने वर बसून फिरवायचा छोटा ट्रॅक्टर. सीट फाटलेली, पुढचं एक चाक बसलेलं, आणि मूळचा रंग कुठला ते त्याचं त्यालाही आठवत नसावं.

"ट्रॅक्टर," हे म्हणाले.

"ते दिसतंय मला. कशाला?"

"गवत वाढलंय."

गवत वाढलं होतं हे खरं. आमच्या घरामागची जागा चांगली ऐसपैस आहे आणि तिथलं गवत कंबरेला लागायला आलं होतं. पण ते घर आम्ही विकायला काढलं होतं. काढलं होतं कसलं, ठरलंच होतं. ओळखीतले एक दातांचे डॉक्टर पाच आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सह्या करायला येणार होते. मग आम्ही दोघं लेकीकडे जाणार होतो, कायमचे. सहावा मजला, लिफ्ट, खाली दवाखाना. माझे गुडघे गेलेले, लेकीची नोकरी फिरतीची, नात चार वर्षांची. मला विचाराल तर मी त्याच दिवशी पिशवी उचलून निघाले असते.

"मग हा सहाव्या मजल्यावर न्यायचा का?" मी विचारलं.

"बघू," हे म्हणाले.

ह्या 'बघू'शी मी अडतीस वर्षं संसार केला आहे. त्यात हो असतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

हे लिफ्ट मेकॅनिक. उंच इमारतींच्या गच्चीवर मशीनची खोली असते, तिथे ह्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या घरघरीने कान अर्धे गेले, त्यामुळे आमच्या घरात कुजबुज नावाचा प्रकार नाही. हे मनाशी पुटपुटतात ते चार घरं ऐकू जातं, आणि ह्यांना वाटतं आपण मनातच बोललो. एकदा शेजारचे मास्तर गप्पा मारत बसले होते तर हे त्यांच्या तोंडावर 'आता हा उठतो कधी' असं मनात म्हणाले. मास्तर लगेच उठले. हे मला म्हणाले, "एवढ्यात का गेले गं?"

पण स्वतःला काय हवं, ते ह्यांनी ना मनात सांगितलं ना मोठ्याने. लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, येणार ना?" हे म्हणाले, "आईला विचार." मी हो म्हटलं. "मग झालं तर," हे म्हणाले. मी त्याला होकार समजले. आजवर तसंच समजत आले होते.

आणि आता हा ट्रॅक्टर. ज्या माणसाला पाच आठवड्यांनी घर सोडायचंय तो गवत कापायचं यंत्र कशाला आणेल? आणि ज्याला सोडायचं नाही तो तोंड उघडून तसं सांगणार नाही का? मी पातेली गुंडाळू की पुन्हा मांडू, मला काही समजेना.

हे मात्र कामाला लागले. मागच्या अंगणात ताडपत्री पसरली आणि ट्रॅक्टर सुटा करायला घेतला. तारेच्या ब्रशने गंज खरवडला. टाकी रॉकेलने विसळली. गवत कापायची पाती काढून धार लावून आणली. चाकाची ट्यूब बदलली, पट्टा बदलला. रंगासाठी माळ्यावरून जुना डबा काढला. लिफ्टच्या दारांचा उरलेला रंग होता तो, करडा. आमच्या अंगणात लिफ्टच्या दाराच्या रंगाचा ट्रॅक्टर उभा राहिला.

गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याकडून नवी सीट आली, त्या दिवशी ह्यांचा आवाज चढला. मला वाटलं सीट बिघडली. बघते तर हे गुडघ्यांवर बसून सीटच्या खाली बोट दाखवत होते.

"बघ, बघ काय केलंय त्या रोपवाटिकेवाल्याने!"

ट्रॅक्टर ह्यांनी एका रोपवाटिकेवाल्याकडून घेतला होता. सीटखाली एक छोटा स्विच होता आणि त्या बाबाने त्याच्या दोन्ही वायरी सोडवून एकमेकींपासून लांब चिकटपट्टीने बांधून ठेवल्या होत्या, म्हणजे स्विच असून नसल्यासारखा.

"मग काय झालं? चालत होता ना त्याच्याकडे?"

"चालणारच! लिफ्टचं दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून असाच स्विच असतो. काही शहाणे कटकट नको म्हणून तो बांधून टाकतात. मग दार उघडं, लिफ्ट वर, आणि माणूस खाली. अशा माणसाला मी दुसऱ्या दिवशी कामावर उभा करत नसे."

ह्यांनी पट्टी काढली, वायरी घासल्या, स्विचला नीट जोडल्या, वर नवी सीट बसवली आणि हात धुऊन जेवायला आले. अगदी समाधानाने जेवले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू होईना.

किल्ली फिरवली की घरघर करायचा, पण पेट घेत नव्हता. रोपवाटिकेवाल्याच्या दारात मोडक्या अवस्थेत चाललेलं यंत्र आमच्याकडे नवऱ्या मुलासारखं सजून मुकं झालं. ह्यांनी प्लग काढून बघितला, ठिणगीच नाही. प्लग बदलला. कॉइल बदलली. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. रोज सकाळी हे ट्रॅक्टरच्या बाजूला उभे राहून किल्ली फिरवायचे, कान पुढे करायचे आणि मान हलवायचे.

"वर बसून तरी बघा एकदा," मी एकदा म्हटलं.

"आधी रिकामी चालवायची," हे म्हणाले. "दुरुस्तीनंतर पहिली फेरी कायम रिकामी. आत माणूस घालून कोणी चाचणी करतं का?"

लिफ्टवाल्याला काय शिकवणार? मी आत जाऊन खोकी बांधायला लागले.

लेकीचा रोज फोन. "आई, बाबा आवरतायत ना?"

"आवरतायत की. ट्रॅक्टर आवरतायत."

"आई, त्यांना नक्की यायचंय ना?"

"मला काय माहीत, बाई? ते सध्या ट्रॅक्टरखाली आहेत."

ती हसली. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर मला रडू यायच्या बेतात होतं. मला जायचं होतं. रोज सकाळी नातीची वेणी घालायची, तिला शाळेच्या गाडीत बसवायचं, संध्याकाळी बोलायला लेक असायची. अडतीस वर्षांत मी इतकं घसघशीत काही मागितलं नव्हतं. आणि ते मिळायच्या वेळी हा माणूस स्पॅनर घेऊन उताणा पडला होता.

रविवारच्या आधीचा गुरुवार उजाडला. मी चहा घेऊन अंगणात गेले. हे पुढच्या बाजूला वाकून इंजिनाकडे बघत होते. माझा गुडघा सकाळपासून ठणकत होता आणि अंगणात बसायला दुसरं काही उरलं नव्हतं, खुर्च्या बांधून झाल्या होत्या. मी कप ह्यांच्या हातात दिला आणि चढून बसले त्या नव्या सीटवर.

ह्यांनी एका हाताने चहा पीत दुसऱ्या हाताने सवयीने किल्ली फिरवली.

धडधड करून इंजिन सुरू झालं.

मी किंचाळून खाली उडी मारली. गुडघ्याने काय म्हटलं ते लिहीत नाही. आणि इंजिन बंद.

ह्यांनी कप सावरत माझ्याकडे वळून बघितलं.

"काय केलंस?"

"मी? मी काही नाही केलं! बसले फक्त."

"परत बस."

बसले. ह्यांनी किल्ली फिरवली. सुरू.

"उतर."

उतरले. बंद.

ह्यांनी कप जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात कपाळावर मारले. सीटवर माणूस नसेल तर इंजिन चालू द्यायचं नाही, एवढंच त्या स्विचचं काम. रोपवाटिकेवाल्याने तो बांधून टाकला होता म्हणून त्याच्याकडे यंत्र चालत होतं. ह्यांनी स्वतःच्या हाताने तो नीट केला आणि मग तीन आठवडे सीट रिकामी ठेवून बाजूला उभे राहून चाचणी घेत बसले. प्लग गेला, कॉइल गेली, कार्ब्युरेटर तीनदा उघडला, आणि बिघाड कुठेच नव्हता.

"जन्मभर स्विच सांभाळले," हे म्हणाले, "आणि हे सुचलं नाही मला." तोंड पार उतरलं होतं. मला हसायचं होतं पण हसवेना.

"बस तू तशीच," मग हे म्हणाले. "चालू राहू दे. मी कार्ब्युरेटर लावून घेतो."

मी बसले. इंजिन धडधडत होतं आणि सगळं अंग हलत होतं. हे पुढे वाकून एक स्क्रू थोडाथोडा फिरवत होते. आवाज आधी फाटका होता, मग भरत गेला, मग एकसारखा झाला. ह्यांनी स्क्रूवरचा हात काढला. पाठ माझ्याकडे होती.

आणि हे मनात बोलले.

"कसा लागला बघ. असं काही असलं की दिवस जातो. तिकडे जाऊन मी काय करू? दुसऱ्याने लावलेल्या लिफ्टमधून खालीवर? नाही जायचं मला. नाही जायचं. पण हिला जायचंय. जाऊ. काय करणार."

इंजिनाच्या धडधडीच्या वर, स्वच्छ, एकेक शब्द. ह्यांना वाटलं असणार, एवढ्या आवाजात आपल्यालाच ऐकू येत नाही तर मागे कुठलं जाणार.

मला आधी राग आला. इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि हा माणूस ते कार्ब्युरेटरला सांगतो! मग वाटलं, बरं झालं, कळलं एकदाचं. मग वाटलं, कळलं नसतं तर किती बरं झालं असतं. न कळता मी सुखाने गेले असते. हेही मुकाट आले असते, गॅलरीत उभे राहिले असते, आणि मी लेकीला सांगत बसले असते की बाबा छान रमलेत इथे. आता ते कसं सांगणार?

मी उतरले. इंजिन बंद पडलं.

"काही म्हणालात?" मी विचारलं. एक संधी दिली मी ह्यांना, खरंच दिली.

"कुठे काय? उतरलीस कशाला?"

"दूध ठेवलंय गॅसवर," मी म्हटलं आणि आत आले.

गॅसवर काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये उभी राहिले. माझ्या डोक्यात एकदा लेक जिंकायची, एकदा हे. ह्यांनी माझ्यासाठी यायचं ठरवलं होतं, चकार शब्द न काढता. तसं मलाही येत असलं पाहिजे, असं काहीतरी मला वाटलं. की नुसती चिडून मी ते केलं? अजूनही नीट सांगता येत नाही. मी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. ते बिचारे दोनदा म्हणाले, "अहो, पण वहिनी…" मी तिसऱ्यांदा म्हणू दिलं नाही.

मग बाहेर जाऊन ह्यांना सांगितलं. "मला नाही जायचं लेकीकडे. डॉक्टरांना कळवलंय."

ह्यांच्या हातातला स्पॅनर खाली पडला. "म्हणजे? का?"

कारण काय सांगायचं ते मी ठरवलंच नव्हतं. "तिथे… सहावा मजला. उंचावर मला धडधडतं."

"अगं, लिफ्ट आहे!"

"लिफ्टमध्येच धडधडतं."

"लिफ्टमध्ये? लिफ्टवाल्याची बायको तू!" हे ओरडले. "अडतीस वर्षं! आणि आज सांगतेस? अगं, लिफ्टसारखं सुरक्षित दुसरं काही नसतं! आता पोरीला काय तोंड दाखवू मी? आधी नाही सांगायचं माणसाने? मनातलं बोलावं जरा!"

ते शेवटचं वाक्य मी गिळलं. ते कसं गिळलं, माझं मला ठाऊक.

रागारागाने हेच फोनकडे गेले. हात काळे, फोन काळा. "हं, बाबा बोलतोय. तुझ्या आईचं काही खरं नाही बघ. ऐन वेळेला नाही म्हणतेय. काय करायचं, तिच्यापुढे माझं कधी चाललंय? राहतो आता इथेच." बोलता बोलता हे पाय हलवत होते. ह्यांचा आवाज इतका हलका मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मग फोन माझ्याकडे आला. लेकीने तिकडे तो नातीला दिला होता.

"आजी, माझ्या खोलीत तुझा पलंग आणलाय. तू नाही येणार?"

"येईन की. भेटायला येईन."

"मग पलंगावर कोण झोपणार?"

"तुझ्या बाहुल्या झोपतील," मी म्हटलं.

"त्या लहान आहेत. पलंग मोठा आहे."

"असू दे," मी म्हटलं. "ऐसपैस झोपू दे त्यांना."

संध्याकाळी ह्यांनी ट्रॅक्टर मागच्या जागेत नेला आणि गवत कापायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून खोकी सोडत होते. हे सीटवर ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, शाळेच्या फोटोला बसल्यासारखे. मागे गवताचा एक सरळ पट्टा पडत होता, त्याच्या शेजारी दुसरा. दर फेरीला खिडकीसमोर आले की हे माझ्याकडे बघायचे, आणि मी हात हलवायचे. नवव्या फेरीला हे पाठमोरे झाले तेव्हा मी डोळे पुसून घेतले. दहाव्या फेरीला पुन्हा हात हलवला.