मागच्या तारखेची मंजुरी

आमच्या विभागप्रमुखांना त्या वर्षी काय काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी योगायोग समजायला नको. उपप्राचार्यांची खुर्ची. खुर्चीबरोबर स्वतःची खोली, खोलीला लागून स्वतःचं स्वच्छतागृह, गाडीला झाडाखालची जागा आणि सकाळी आठच्या तासातून कायमची सुटका. हे सगळं अडलं होतं तपासणी समितीच्या तीन गुणांवर. फॉर्ममधला रकाना असा: 'दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विभागाने केलेली विशेष सोय.' आणि विभागात अशी विद्यार्थिनी एकच.

मी त्याच विभागाचा कारकून. रकाने भरणं माझं काम.

मुलीला नवव्या वर्षी ताप आला, त्यात ऐकू येणं गेलं ते गेलंच. समोरच्याचे ओठ वाचून ती सगळं समजून घ्यायची. बोलायची स्वच्छ, फक्त आवाज जरा सपाट. प्रवेश झाल्यावर आठवड्याभरात ती आईला घेऊन माझ्या टेबलापाशी आली. अर्ज दोन ओळींचा. शिकवताना सरांनी वर्गाकडे तोंड करून बोलावं. आणि तोंडी परीक्षेत प्रश्न कागदावर लिहून मिळावेत.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, भाऊ," आई म्हणाली. ती दवाखान्यात आया होती. पाळी संपवून तशीच आली होती. "यंत्र नको, जादा माणूस नको. बोलताना तोंड दिसू द्या, बास."

आता गंमत बघा. नेमकं तोंड दाखवणंच आमच्या विभागप्रमुख सरांना जमत नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं ते फळ्याला. डाव्या हातात पिवळी पडलेली वही, उजव्या हातात खडू, आणि बोलणं सगळं भिंतीशी. पोरांनी त्यांचं नाव 'पाठमोरे' ठेवलं होतं. एका पालकांनी तर ते आडनाव समजून पाकिटावर तसंच लिहिलं होतं, आणि ते पाकीट मी गुपचूप फाडून टाकलं होतं.

तात्पुरत्या नेमणुकीवर आलेल्या नव्या मॅडमना मात्र कुणी सांगावंही लागलं नाही. त्या आधी फळ्यावर लिहायच्या, मग वळायच्या, मग बोलायच्या. मागच्या बाकावरून कुणी शंका विचारली की ती आधी स्वतः पुन्हा म्हणायच्या, मग उत्तर. उद्याच्या तासातले नवे शब्द आज एका कागदावर लिहून मुलीच्या हातात. महिन्याभरात अख्खा वर्ग तो कागद मागायला लागला.

"काम वाढलं असेल तुमचं," मी म्हटलं.

"वळायला कसलं काम हो, भाऊसाहेब? मान आहे ना माणसाला!"

अर्ज मी सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि डोळे असे चमकले, जसं ताटात आयतं काही पडलंय.

"मंजूर तर करायचाच. पण आत्ता नाही."

"मग कधी, सर?"

"समिती येऊ दे. त्यांच्यासमोर सही करू, फोटो होईल. आत्ता केली तर बघणार कोण? तुम्ही?"

मी अर्ज निळ्या फायलीत घातला. समिती आधी, तोंडी परीक्षा नंतर, असं वेळापत्रक होतं, म्हणून मनाला समजावलं. मग समितीने भेट महिनाभर पुढे ढकलली. परीक्षा कशाला पुढे जाते?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगी आली. "सही झाली का?"

मी सरांच्या खोलीत गेलो. नव्या मॅडम तिथेच होत्या. "सर, सही राहू द्या. प्रश्न मी चिठ्ठ्यांवर लिहून देते. पाव तासाचं काम."

"मंजुरी आहे का?" सरांनी विचारलं. मंजुरी कुणाच्या पेनात अडकली होती ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. "नाही ना? मग परीक्षेत चिठ्ठ्या म्हणजे गैरप्रकार होतो, मॅडम. आणि पोरगी हुशार आहे, नेईल निभावून."

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट घेऊन दाराशी बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, गालावर मूठ, बोटं ओठांवर, नजर कागदात. मुलीने विचारलं, "सर, परत सांगाल?" त्यांनी परत सांगितलं, बोटांआडूनच. तिने आणखी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी वैतागून सरांकडे बघितलं. एका शब्दात सगळं सुटलं असतं. सर खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होते. तेच झाड, सावलीवालं.

मग मुलीने अंदाज बांधला. प्रश्न होता, अ‍ॅसिड पाण्यात का ओततात, पाणी अ‍ॅसिडमध्ये का नाही. तिने ब्युरेटच्या काचनळीवरचं माप कसं वाचावं ते सांगितलं. अगदी बिनचूक सांगितलं. वीसपैकी चार पडले. आठ लागतात, नाहीतर वर्ष पुन्हा.

समिती आली. सरांनी त्या दिवसापुरती खुणांच्या भाषेची एक जाणकार बाई बोलावली होती. तिचा बिचारीचा दोष नाही. उभं राहा म्हटलं तिथे ती उभी राहिली, म्हणजे बरोबर सर आणि मुलीच्या मधे. भराभर हात चालवू लागली. मुलीला त्यातली एकही खूण येत नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा सर वर्गाकडे तोंड करून बोलत होते, आणि ती मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे काढून त्यांचे ओठ शोधत होती. समितीतल्या बाई डोळे टिपत म्हणाल्या, "किती सुंदर!"

"तिला खुणा येत नाहीत," नव्या मॅडम मागून मोठ्याने म्हणाल्या. "त्या बाजूला झाल्या तर निदान सरांचं तोंड दिसेल तिला."

सर हसले. "आमच्या मॅडम फार उत्साही आहेत." सही झाली. मुलीला अर्ज धरून उभं केलं, फोटो झाला. समितीच्या अध्यक्षांनी अर्जावरची तारीख पाहिली. "हा तर सत्राच्या सुरुवातीचा दिसतो."

"मंजुरीही तेव्हाचीच, साहेब. आज फक्त कागदावर."

चहा झाल्यावर सरांनी मला बोलावलं. "भाऊसाहेब, सहीखाली तारीख घाला. अर्जाच्या दुसऱ्या दिवसाची. नोंदवहीतही घ्या."

घातली. नोंदवहीत दोन ओळींच्या फटीत बारीक अक्षरात बसवली. माझं अक्षर सुबक आहे, सगळे म्हणतात.

आठवड्याने आई फेरपरीक्षेचा अर्ज घेऊन आली. मुलगी सोबत होती. सरांनी मंजुरीचा कागद पुढे सरकवला.

"तारीख बघा. परीक्षेच्या कितीतरी आधी सोय दिली होती. तुमच्या मुलीने ती मागितली नाही, त्याला आम्ही काय करणार?"

या वेळी सर तिच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा बोलले. बोटं ओठांवर नव्हती, मधे कुणी उभं नव्हतं. तिला अक्षरन् अक्षर कळलं. तिने कागदावरची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. अर्ज आणला त्या दिवशी पोच मी हाताने लिहून दिली होती, तेव्हापासून ती माझं अक्षर ओळखत होती. मी उठून कपाटात तोंड घातलं आणि नसलेली फाईल शोधायला लागलो.

"चल गं," आई म्हणाली. कपाटातही ऐकू आलं.

आता शेवटची बेरीज. सरांना तीन गुण मिळाले, खुर्ची मिळाली, झाडाखालची जागा मिळाली; तिथे गाडीवर पाखरं घाण करतात, एवढंच काय ते माझं समाधान. समितीला फोटो मिळाला, तो आता दर्शनी भिंतीवर आहे. माझी नोकरी जिथल्या तिथे, माझ्या पदरचं काही गेलं नाही, आणि तो फोटो मला रोज दोनदा ओलांडावा लागतो. किंमत मोजली दोघींनी. नव्या मॅडमचं नाव पुढच्या सत्राच्या यादीत नव्हतं. आणि मुलीने अख्खं वर्ष भरलं, पुन्हा त्याच वर्गात, त्याच पाठीसमोर. कारण उपप्राचार्य झाल्यावरही सरांनी एक तास हौसेने स्वतःकडे ठेवलाय. सकाळी आठचा नव्हे, अकराचा.