ऐनाखालची माती

फौजदाराने बुटाच्या टोकाने ऐनाच्या बुंध्याजवळचा पाचोळा उकरला आणि शिपायाकडची कुदळ सत्यवतीच्या पायांशी टाकली.

"खण. पुरलंस तू, काढायचंही तूच."

"मी काय पुरलं, सायेब? मला काय म्हाईत नाय."

"खण म्हणतो ना!"

तिने कुदळ उचलली. चांदीप गावाच्या मागच्या या रानात ती गेल्या साली भादव्यात आली होती. बेचाळीसच्या चळवळीत तिचा नवरा हरेश्वर भूमिगत झाला, आणि घरात राहिलेली त्याची सरकारविरोधी पत्रकं तिने खादीच्या पिशवीत कोंबून इथे पुरली. घाईत वर मेणकापड गुंडाळायचं राहून गेलं होतं. आता ती पत्रकं सापडली तर तिला तुरुंग. आणि तिला धरलं की हरेश्वर आपण होऊन पुढे येईल, हे फौजदाराला पक्कं ठाऊक होतं.

वरची पानं कुरकुरत बाजूला झाली. खालची ओलसर, एकमेकांना चिकटलेली. काहींच्या नुसत्या शिराच उरल्या होत्या. त्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. अख्खा पावसाळा ही बुरशी पानापानांत शिरून, आपल्या रसांनी त्यांना विरघळवून शोषत राहिली होती. सत्यवतीने ते पाहिलं, पण तिचं लक्ष त्याखाली होतं. कुदळ मऊ थरात रुतली. हीच जागा. तिचे हात थांबले.

"सर बाजूला."

फौजदाराने खड्ड्यात हात घातला. पांढऱ्या तंतूंनी आवळलेलं एक ढेकूळ त्याच्या हाती आलं. ते त्याने दाबलं, तसं फुटलं. आत काळा, भुसभुशीत गाळ. सुताचा एक धागा बोटाला चिकटला आणि चोळताच विरला.

"हे काय आहे?"

सत्यवतीने वाकून पाहिलं.

"पाला कुजलाय, सायेब."

त्याने ते नाकाशी नेलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. शिपायाकडून आणखी कमरेइतकं खणून घेतलं. माती, मुळं, गांडुळं. शेवटी त्याने हात झटकले आणि तो उताराला लागला.

ती तिथेच बसली. मग तिच्या ध्यानात आलं : फौजदाराने झाड कोणतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. सरळ ऐनापाशी आला होता. आणि भादव्यात तिच्यासोबत कंदील धरून एकच माणूस आला होता. धाकटा दीर, काशीराम.

ती तरातरा घरी आली. काय बोलायचं, ते वाटेत ठरलं होतं. बाजारातून आल्यापासून ताप आहे म्हणून काशीराम पडून होता. भर दुपारी घोंगडीत, भिंतीकडे तोंड करून.

"सापडलं काय, वयनी?"

तिला कुठे नेलं होतं, हे तिने अजून सांगितलंही नव्हतं.

तिने घोंगडी ओढली. त्याचे तळपाय काळेनिळे सुजले होते, टाचा फुटल्या होत्या. बाजारातून नव्हताच आला तो.

काशीरामने तोंडावर हात घेतले. "नाय सोसलं, वयनी. लय मारला."

ती उभीच राहिली. मग चुलीशी गेली, पाणी तापत ठेवलं, हळद काढली.

"भाऊला सांगशील?"

सत्यवतीने गरम पाण्यातलं फडकं पिळलं.

"पाय हलवू नका, भावजी," ती म्हणाली.