वॉर्निशचा राहिलेला हात

मित्रांनो, मी कॅनव्हासवर छापलेला एक फोटो आहे. माझं वय अवघं दोन वर्षं, पण माझी अवस्था पाहून लोक मला जुनाट समजतात. ही अवस्था कोणामुळे झाली, ते सांगताना आजही माझा संताप होतो.

माझा जन्म आळेफाट्यावरच्या एका फोटोच्या दुकानात झाला. निमगाव सावा गावच्या सुंदराबाईंचे यजमान भिमाबाबा वारले होते. डोक्याला लाल फेटा, मागे कांद्याच्या मोकळ्या रानात बसवलेली मेंढरं, असा त्यांचा एकच फोटो सुंदराबाईंच्या मोबाईलमध्ये होता. तो शाईच्या बारीक थेंबांनी कॅनव्हासवर उतरवला आणि मी तयार झालो. ती शाई पाण्यात विरघळणारी. म्हणून वाळल्यावर तिच्यावर वॉर्निशचा फवारा मारावाच लागतो.

"मालक, वॉर्निश राहिलंय," दुकानात काम करणारी उज्ज्वला म्हणाली.

"असू दे. गिऱ्हाईक खोळंबलंय," मालक मच्छिंद्र म्हणाला. मग सुंदराबाईंना बिनदिक्कत सांगितलं, "वॉटरप्रूफ हाये, आजी. काय व्हत न्हाई."

मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो!

मी सुंदराबाईंच्या ओसरीत भिंतीवर लागलो. सुंदराबाई रोज सकाळी माझ्यापुढे उभ्या राहून घरातलं काहीबाही सांगायच्या. दीड वर्ष बरं गेलं. मग एकदा सून आशानं माझ्यावरची धूळ मायेनं ओल्या फडक्यानं पुसली. फेट्याचा लाल रंग बाबांच्या सदऱ्यावर ओघळला, दोन मेंढरं विरघळून गेली. आशानं फडकं टाकून सासूला हाक मारली.

"आत्या, म्या काय केलं वो हे!"

सुंदराबाईंनी मला उचललं, सुनेला सोबत घेतलं आणि थेट दुकान गाठलं.

"वल्ल्या फडक्यानं कोन पुसतं?" मच्छिंद्र उलट आशावरच खेकसला.

सुंदराबाई कडाडल्या, "तिला बोलायचं काम न्हाई! पानी चालतंय आसं तूच म्हनला व्हतास ना?"

पुन्हा छापायचं तर सुंदराबाईंचा मोबाईल बिघडलेला, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरूनही तो फोटो पुसून टाकलेला. तेव्हा उज्ज्वला पुढे आली. "मालक, मी सांगितलं होतं. वॉर्निश मारलंच नव्हतं."

तिनं मला सावलीत आडवं ठेवून पूर्ण वाळवलं. ब्रशनं शाई आणखी फिसकटली असती, म्हणून तिनं वॉर्निशचे पातळ फवारे मारले. एक वाळला की दुसरा, असे तीन. कडाही सोडल्या नाहीत. बाबांचा चेहरा वाचला. फेटा आणि मेंढरं गेली ती गेलीच.

"आता हिला सांग, चूक कुनाची," सुंदराबाई मच्छिंद्रला म्हणाल्या.

मच्छिंद्रनं मान खाली घातली. "माझी चूक हाये, ताई."

आशानं तेव्हा कुठं डोळे पुसले.

मित्रांनो, कॅनव्हासवरचा फोटो घरी नेण्याआधी वॉर्निश मारलंय का, ते विचारा. त्याला पाण्यापासून जपा, धूळ कोरड्या मऊ कापडानं झटका. आणि तुम्ही मोठेपणी असलं काम कराल, तेव्हा गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असलं तरी ते अर्धवट देऊ नका. त्याची शिक्षा आशासारख्या निरपराध माणसाला भोगावी लागते.