एकशे तेरा पट्ट्या

मित्रांनो, जरा हळू उघडा. मी एक जुनी करारसंहिता आहे आणि माझी पाठ आता सरळ राहत नाही.

करारसंहिता म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. शेजारी शेजारी असलेल्या काही देशांनी पुष्कळ भांडून झाल्यावर एकदा ठरवले, की आता पुरे. त्यांनी मिळून एक संघ केला. घरे वेगळी, चुली वेगळ्या, पण अंगण एक. त्या अंगणात नियम कोणी करायचे, तंटा झाला तर निवाडा कोणी द्यायचा, हे सारे त्यांनी करारात कलमवार लिहिले. ती सगळी कलमे माझ्या पोटात आहेत.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी निळ्या कापडी बांधणीत होते. कायद्याच्या महाविद्यालयात आले आणि ग्रंथालयाच्या खिडकीजवळच्या फळीवर मला जागा मिळाली. संघाचा कायदा शिकणारी मुले मला उचलत, कोपराखाली दाबत, माझ्यावर डोके ठेवून झोपत. परीक्षेला फक्त मलाच नेण्याची परवानगी होती, पण एका अटीवर. माझ्यात कोणाच्या हातचे एक अक्षरही नको.

देशांना मात्र स्वस्थता नाही. दर चार-पाच वर्षांनी ते टेबलाभोवती बसत आणि करार बदलत. दर वेळी नवे पुस्तक कोण आणणार? मग ग्रंथपालबाई बदललेला मजकूर कात्रीने कापून, डिंक लावून माझ्या पानांवर पट्ट्या चिकटवत. मी जाड होत गेले. माझे नीट मिटणे बंद झाले.

एकदा तर त्यांनी सगळ्या कलमांचे आकडेच बदलले. एकशे तेरा पट्ट्या! बाई आठवडाभर दुपारच्या वेळी कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन बसल्या. गुरुवारी त्यांना फोन आला, नातवाला ताप चढला होता. फोन ठेवून त्या परत बसल्या, पण डोळे पुन्हा पुन्हा फोनकडे जात होते. समोरासमोरच्या पानांवर दोन कलमे होती. एक दुसऱ्या देशात नोकरी करणाऱ्यांचे, त्याचा नवा आकडा बावन्न; दुसरे तिथे स्वतःचा धंदा थाटणाऱ्यांचे, त्याचा छप्पन्न. बावन्नची पट्टी छप्पन्नवर गेली आणि छप्पन्नची बावन्नवर. चुकीच्या काजात बटण गेल्यावर सदरा जसा ओढतो, तसे मला ओढल्यासारखे झाले. पण मित्रांनो, पुस्तकाला स्वतःहून बोलता येत नाही. आयुष्यात मला याच गोष्टीचा सर्वांत जास्त शीण आला.

पुढच्या वर्षी भिंगरी आली. खरे नाव वेगळे असेल. एका जागी बसत नसे म्हणून बाईंनी तिला हे नाव दिले. तिची आई लोकांचे केस कापून घर चालवी. संघाच्या न्यायालयात वर्षभर काम शिकण्यासाठी महाविद्यालयातून एकच जागा होती. तोंडी परीक्षेत पहिली येणाऱ्याचे नाव त्याच दिवशी चार वाजता पाठवायचे होते. भिंगरीला ती जागा हवी होती.

एकदा न्यायालयाच्या एका निकालपत्रात तिला धंद्याच्या कलमाचा माझ्यातल्यापेक्षा निराळा आकडा दिसला. तिने पेन्सिल उचलली, अट आठवली, खाली ठेवली.

"काका, पट्टी चुकू शकते का हो?" तिने शिपाईकाकांना विचारले.

"पट्टी? बाईंची?" काका हसले. "त्यापेक्षा हे छत चालायला लागेल म्हण!"

आणि तिने विश्वास ठेवला.

परीक्षेत सरांनी विचारले, "एक बाई केस कापते. तिला शेजारच्या देशात स्वतःचं दुकान टाकायचंय. तिथले अधिकारी म्हणतात, आधी दहा वर्षं इथे राहा. तिच्या बाजूने काय सांगाल?"

भिंगरीने असे मुद्देसूद सांगितले, की माझी पाने अभिमानाने फुलली. मग तिने मला उघडून आकडा वाचला. "कलम बावन्न."

"पुन्हा बघा."

"बावन्नच आहे, सर."

"बावन्न नोकरदारांचं. ही तर मालकीण. वकिलाने चुकीचं दार ठोठावलं तर अशील उंबऱ्याबाहेरच राहतं." सरांनी गुण कापले.

तिने मला आणून बाईंच्या टेबलावर ठेवले.

"काय गं भिंगरे, तोंड का उतरलं?"

"काही नाही बाई. छप्पन्नच्या जागी बावन्न म्हटलं मी."

बाईंनी चष्मा पुसला. ते पान उघडले. दोन्ही पट्ट्या ताडून पाहिल्या.

"ही चूक तुझी नाही गं. माझी आहे."

"जाऊ द्या ना, बाई. पुढच्या आठवड्यात तुमचा निरोप समारंभ. सगळे म्हणतात, तीस वर्षांत एक चूक नाही."

"मग एकतिसाव्या वर्षी सापडली म्हणतील. जीभ काही झिजत नाही कोणाची."

साडेतीन वाजले होते. गुडघे दुखत असताना बाई मला छातीशी धरून दोन जिने चढून सरांकडे गेल्या, मागोमाग भिंगरी.

"बाई, परीक्षेत पुस्तकाला गुण नसतात," सर म्हणाले.

"मग पुस्तकाची शिक्षा पोरीला कशाला? मी लावलीय ती पट्टी. तसं लिहून देते."

सरांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंगरीला आत बोलावले आणि मला मिटून ठेवले. "आता न बघता सांगा. दोन्ही कलमं, फरकासकट." तिने सांगितले. चार वाजायला पाच मिनिटे असताना तिचे नाव संघाच्या न्यायालयाकडे गेले.

खाली आल्यावर काका म्हणाले, "खरवडून टाका की ती पट्टी. कोणाला कळतंय?"

"खरवडलं तर पानाला भोक पडेल," बाई म्हणाल्या, "आणि पुढच्याला वाटेल, इथे कधी कोणी चुकलंच नाही." त्यांनी दोन्ही पट्ट्यांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिले, 'या दोन पट्ट्या माझ्याकडून उलट लागल्या.' खाली तारीख आणि सही. लिहिले मात्र पेन्सिलीने. तीस वर्षांत त्यांनी पुस्तकाला शाई लावली नव्हती. त्या दिवसापासून मी परीक्षेला बाद झाले.

आता कलमे संगणकाच्या पडद्यावर आपोआप बदलतात. काल काय लिहिले होते आणि कोण चुकले होते, ते पडद्यावर दिसत नाही. मला दाराजवळच्या रद्दीच्या खोक्यात ठेवले आहे. मला ठेवून घ्या, असे मी म्हणणार नाही. इतके करार पोटात घेऊन मी थकले आहे. पण मित्रांनो, पुस्तके जपा, आणि आपली चूक सापडली तर तिच्या शेजारी आपले नाव लिहायला लाजू नका. खोके बंद करण्याआधी ते एक पान वाचा. बोट फिरवू नका त्यावर. बाईंची सही आता फार पुसट झाली आहे.