पुठ्ठ्याचा सिंह

वन्यजीव खात्याच्या पिकार्डने गाडीच्या टपावरून पुठ्ठ्याचा सिंह उतरवला. अगदी खऱ्या डोंगरी सिंहाच्या, म्हणजे बिनआयाळीच्या प्यूमाच्या, मापाचा, पिवळट रंगवलेला, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत माणसापेक्षा लांब. "शाळेतली पोरं याला वॉल्टर म्हणतात," तो म्हणाला. "चावत नाही."

हेल्मीला हसू आलं नाही. तिच्या बापाची अब्रू त्या पुठ्ठ्यावर टांगलेली होती.

म्हातारा आइनो कोस्केला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसला होता. पुढ्यात कॉफी, मांडीवर मुरू मांजर. त्याला सिंह दिसला तो पानगळीत, तिन्हीसांजेला, सौनामागच्या, वाफेच्या न्हाणीघरामागच्या, लाकडाच्या ढिगापाशी. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या या काठाला वाट चुकलेला सिंह कधीतरी येतो, नाही असं नाही. पण जितक्यांना तो दिसतो तितके सिंह अख्ख्या राज्यात नसतील. लोक वन्यजीव खात्याला कोल्ह्याचे फोटो पाठवतात, शेजाऱ्याच्या कुत्र्याचे पाठवतात. त्यामुळे आइनोचं कुणी खरं मानलं नाही. पेट्रोल पंपावरच्या कॉफीला तो गेला की मागून कुणीतरी हळूच म्यांव करायचं. या गावाला एरवी बोलायचा कंटाळा, पण म्यांव करायला सगळ्यांना तोंड होतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच सुमारास म्हातारा गॅस चालू ठेवून झोपला होता आणि एकदा चर्चहून परतताना रस्ता चुकला होता, जन्मभराचा रस्ता. हेल्मीचा भाऊ रेइनो वृद्धाश्रमाचं बघून आला. तेव्हा आइनोने झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधायला लावला आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "सिंह खरा निघाला तर माझ्या डोक्याविषयी पुन्हा तोंड उघडायचं नाही. खोटा निघाला तर मुकाट्याने जाईन." बाप शब्दाचा पक्का होता, हीच तर पंचाईत होती.

आणि कॅमेऱ्यात फोटो आला. बर्फ, पिवळं अंग, लांब शेपूट, पाठमोरं. हेल्मी तो बघून सुटकेने रडली होती, मग तो खात्याकडे तपासायला पाठवला होता.

"बर्फावर माप कळत नाही," पिकार्ड तिला सांगत होता. "मोकळ्या पांढऱ्यात जवळचं लहान जनावर लांबचं मोठं वाटतं. म्हणून वॉल्टर." त्याने पुठ्ठा नेमका फोटोतल्या जागी रोवला आणि त्याच झाडावरच्या त्याच कॅमेऱ्याने फोटो काढला. मग दोन्ही चित्रं गाडीतल्या पडद्यावर शेजारी शेजारी लावली.

वॉल्टर ढिगाच्या वरच्या ओंडक्यांपर्यंत पोचत होता. फोटोतलं जनावर खालच्याच ओंडक्याशी संपलं होतं.

पिकार्ड पडद्याकडे वाकला. त्याने चित्र मोठं केलं आणि हेल्मीला शेपटीचं टोक दिसलं, कोयतीसारखं वाकडं. ते टोक तिने वर्षानुवर्षं टेबलाखालून डोकावताना पाहिलं होतं.

"मी 'सांगता येत नाही' असं लिहू शकतो," पिकार्ड खालच्या आवाजात म्हणाला. "फोटो अंधुक आहेच. कुणी विचारणार नाही."

तिला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. ती हो म्हणणार, तोच मागे बर्फ करकरला. आइनो बिनटोपीचा बाहेर आला होता, मुरूला कोटात घेऊन. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग वॉल्टरकडे, पुन्हा पडद्याकडे.

"हे शेपूट मी मोडलं," तो म्हणाला. "सौनाच्या दारात. चुकून. ही पिल्लू होती तेव्हा."

"बाबा, फोटो अंधुक आहे. ते म्हणतायत की नक्की काही—"

"हेल्मी." त्याचा हात मांजरीच्या पाठीवरून फिरत शेपटीच्या टोकाशी थांबला. "रोज माझ्या पायाशी झोपते. आणि मी हिला ओळखलं नाही."

पिकार्डने नजर वळवून पुठ्ठा उपटायला घेतला.

"मांजर लिही, पोरा," आइनो त्याला म्हणाला. "उगाच सिंहाच्या माथी कशाला मारायचं." मग हेल्मीने आपली टोपी त्याच्या डोक्यावर घातली, ती त्याने घालू दिली. "रेइनोला फोन कर. माझी बॅग माळ्यावर आहे."

"आज नको, बाबा."

"आजच. आज मला माहीत आहे मी का जातोय." त्याने मुरूला कोटातून काढून तिच्या हातात दिलं. "आणि हिला दूध गरम करून देत जा. गार पीत नाही."