टोपलीखालचे काळे मांस

टोपली उचलली गेली आणि गावसभेच्या अर्धगोल कुंपणात बसलेल्या शंभर-सव्वाशे माणसांच्या तोंडून एकच हुंकार निघाला. अर्ध्या तासापूर्वी त्या थाळीत जांभळट काळा मांसाचा तुकडा होता; सर्वांनी तो मान उंचावून पाहिला होता. आता त्याच थाळीत लालभडक, तजेलदार मांस होते. कुणीतरी थाळीला हात लावून तो कपाळाला लावला. मागच्या रांगेतल्या बाया गाऊ लागल्या.

सेलेपे मांत्रिकाने थाळी पहिल्या रांगेपुढून सावकाश फिरवली. डोक्यावर बिबट्याच्या कातड्याची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि गळ्यात हाडांच्या माळेशेजारी लोंबणारे दोन मोबाइल असा त्याचा थाट होता.

“मी काही केलं नाही,” तो विनयाने म्हणाला. “मी फक्त सावलीला सांगितलं, ऊठ बाई, तुझी गाडी आली. ती उठली. या देशातल्या झाडून सगळ्या सावल्या मला नावानं ओळखतात. काही तर माझा फोन आला की उचलत नाहीत.”

लोक हसले. हसण्यात सुटकेचा भाग मोठा होता. कालाहारीच्या कडेला वसलेल्या सेरोबेला गावाचे सारे काही गुरांवर चालते, आणि गेल्या सहा महिन्यांत गावातून कत्तलखान्याला गेलेल्या बैलांपैकी जवळजवळ निम्म्यांचे मांस काळे निघाले होते. काळे, कोरडे, बोटाला चिकटणारे. अशा मांसाला तिथे खालचा दर्जा मिळे. बैल धडधाकट, चारा पुरेसा, रोग नाही; मग मांस काळे का, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. सेलेपेकडे ते होते. गुरांवर कुणाची तरी सावली पडली होती.

“कुणाची, ते मी सांगणार नाही,” तो म्हणाला. “पण जो माणूस रात्री घरात न झोपता गुरांत झोपतो, ज्याला हाक मारायला मूल नाही, त्याच्याकडे बघा. तो रविवारपर्यंत बोअरवेल सोडून गेला, तर उरलेल्या सावलीचं मी बघतो. घरटी एक खोंड पुरे.”

नाव घ्यायची गरजच नव्हती. या मुलखात मूल झाले की माणसाचे स्वतःचे नाव मागे पडते आणि जग त्याला पहिल्या अपत्याचा बाप म्हणून हाक मारू लागते. सत्तरी गाठलेला असूनही नुसत्या नावाने ओळखला जाणारा माणूस गावात एकच होता, गुराखी दितिरो. तो सभेला आलेला नव्हता. तो बोअरवेलीवर गुरांना पाणी पाजत होता.

कुंपणाच्या कडेला, घरून आणलेल्या बुटक्या खुर्चीवर रा-वामे, म्हणजे वामेचे वडील, बसले होते. तंत्रविद्यालयात ते वजनकाटे आणि शीतयंत्रे शिकले होते आणि तीस वर्षे त्याच कत्तलखान्याच्या शीतगृहात त्यांनी नोकरी केली होती. वामे जाऊन नऊ वर्षे झाली होती, तिची आई त्याही आधी गेली होती. तरी दिवसातून दहा वेळा लोक त्यांना त्याच नावाने हाक मारत, आणि दर हाकेला त्यांना क्षणभर वाटे की कुणी तिच्याविषयी काही सांगायला आले आहे.

त्यांनी दोन गोष्टी टिपून ठेवल्या. मांस थाळीत ठेवण्यापूर्वी सेलेपेने ते प्लास्टिकच्या घट्ट पिशवीतून काढले होते, आणि ‘शिळे तोंड’ कापून टाकतो असे म्हणत त्याचा वरचा थर सुरीने उतरवला होता. आणि टोपली, ती तर विरळ विणीची होती.

दुपारी ते बोअरवेलीवर गेले. दितिरो काटेरी कुंपणापाशी बसून आंबट दुधात ज्वारीची घट्ट पेज कालवत होता. सभेतले बोलणे त्याच्यापर्यंत पोचले होते.

“बसा, रा-वामे,” तो म्हणाला. “सावलीत बसू नका म्हणजे झालं. माझी महाग पडते.”

रा-वामे बसले. कुठे जाशील, असे त्यांनी विचारले. दितिरोने क्षितिजाकडे हनुवटी केली; तिकडे दोन दिवसांच्या चालीवर पाणी नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. निवृत्त होऊन गावात आल्यापासूनच्या चौदा वर्षांत आपण या माणसाशी पाण्याच्या पाळीखेरीज काही बोललो नाही, आणि दुसरेही कुणी याच्याशी बोलत नसावे, हे रा-वामेंच्या लक्षात आले.

त्यांनी गुरे ट्रकमध्ये कशी चढवतात ते विचारले. दितिरोने सांगितले ते असे. पूर्वी तो बैलांच्या पुढे चालत जाई, दोन दिवसांत रस्त्यापर्यंत. वाटेत चरणे, पाणी, रवंथ. ट्रकच्या फळीवर तोच आधी चढे आणि बैल मागून येत. सहा महिन्यांपूर्वी गावाने वेळ वाचवायचे ठरवले. आता मोटारसायकलवाले तरुण येतात, कुत्री सोडतात, चाबूक ओढतात, एका सकाळीत कळप रस्त्यावर नेतात. ट्रक येईपर्यंत गुरे उन्हात उपाशी उभी राहतात, एकमेकांना शिंगे मारतात.

“भित्री असतात ना, ती आधी बिथरतात,” दितिरो म्हणाला. “तो पांढऱ्या तोंडाचा बघा. मी खोकलो तरी उडतो. खातो बाकीच्यांइतकंच, पण अंगाला लागत नाही. त्याला मागून हाकलायचं नसतं. पुढं चालायचं आणि मागं बघायचं नाही.”

“हे सभेत का नाही सांगितलंस?”

“मला विचारलं कुणी?” दितिरोने वाटी पुसली. “आणि मी बोललो असतो, तर तेही सावलीच बोलली असती.”

रा-वामे गुरुवारी मिळेल त्या गाडीने कत्तलखान्यावर गेले आणि शनिवारी शीतपेटी घेऊन परतले. येताना गाडी दवाखान्याच्या वाटेवरच्या वाळूत रुतली. नऊ वर्षांपूर्वी वामेला नेतानाही गाडी तिथेच रुतली होती. ते उतरून गाडी ढकलू लागले तेव्हा चालकाने, वय पाहा आपलं, रा-वामे, असे म्हटले, आणि ते वाकून चाकाखालची वाळू हाताने उपसू लागले.

रविवारी सकाळी सभा पुन्हा भरली. या सभेचा एक दंडक सेरोबेलात कुणी मोडलेला नाही: उभा राहील त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकायचे, मग तो कुणीही असो. रा-वामे उभे राहिले आणि त्यांनी गावप्रमुख मोसेत्से यांच्याकडे एक मागणी केली. दितिरोला बोलवावे. दोन थाळ्या आणि दोन सारख्या टोपल्या द्याव्यात.

त्यांनी शीतपेटीतून दोन तुकडे काढले. दोन्ही प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले होते. दोघांचा वरचा थर त्यांनी सर्वांसमोर सुरीने उतरवला. दोन्ही गडद, दोन्ही काळपट.

“हा आपल्या गावच्या बैलाचा, परवाच खालच्या दर्जात गेला. कानातला बिल्ला सोबत आहे,” ते म्हणाले. “याच्यावर सेलेपेंनी मंत्र म्हणावेत. दुसऱ्यावर कुणी मंत्र म्हणायचा नाही. त्याच्याजवळ फक्त दितिरो बसेल. ज्याच्या सावलीनं मांस काळं होतं, तोच.”

सेलेपे चष्म्याआडून दोन्ही थाळ्यांकडे पाहत राहिला. जिथे शंका असते तिथे सावली ऐकत नाही, असे त्याने सांगून पाहिले. मोसेत्से म्हणाले की सावलीला नावानं ओळखता ना, मग समजूत घाला. तेव्हा सेलेपेने वार केला.

“रा-वामे, तुमच्या पोरीच्या वेळी कुणी अशी टोपली घातली असती, तर आज तुम्ही एकटे नसता.”

रा-वामेंनी सुरी पुसली, म्यानात ठेवली, आणि मगच बोलले.

“वामे दम्यानं गेली. दवाखाना सत्तर किलोमीटरवर, गाडी वाळूत रुतली. त्या आठवड्यात एक जण मला नाव सांगायला आला होता, करणी कुणी केली त्याचं. मी ते नाव ऐकून घेतलं नाही. ऐकलं असतं तर नऊ वर्षं शिव्या घालायला मला कुणीतरी मिळालं असतं. एकटं राहण्यापेक्षा ते फार सोपं होतं. टोपली घाला.”

टोपल्या घातल्या गेल्या. सेलेपे एकीभोवती नाचला, हाडे फेकली, धूर केला, घामाघूम झाला. दुसरीपाशी दितिरो हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. दोन हातांच्या अंतरापर्यंत त्याच्या जवळ कुणीच नव्हते. रा-वामेंनी आपली खुर्ची उचलली आणि त्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली.

अर्ध्या तासाने मोसेत्से यांनी स्वतः टोपल्या उचलल्या. मंत्रांखालचे मांस जसेच्या तसे काळे होते. दितिरोशेजारचे लाल झाले होते.

गोंगाट शमल्यावर रा-वामेंनी जे सांगितले ते थोडक्यात असे. दुसरा तुकडा चांगल्या दर्जातला होता; न बिथरलेल्या जनावराचे मांसही आतून जांभळट असते. कापलेल्या भागाला हवा लागली की अर्ध्या तासात ते आपोआप लाल होते. आपण कापतो आणि लगेच भांड्यात टाकतो, म्हणून ते कधी पाहत बसलो नाही. सेलेपे चांगले मांस घट्ट पिशवीत कोंडून आणतो, नवा थर उघडा करतो आणि बाकीचे काम हवेवर सोपवतो. पण खरे काळे मांस हवेनेही लाल होत नाही आणि मंत्रानेही नाही. घाबरलेले, पळवलेले, उपाशी उभे ठेवलेले जनावर आपल्या स्नायूंतली साखर जाळून टाकते. ती साखर उरली नाही की मेल्यावर मांसात आम्ल तयार होत नाही, ते काळे आणि चिकट राहते. कत्तलखान्यातल्या तीस वर्षांच्या वह्यांत त्यांनी हेच पाहिले होते: वजनकाट्यावरून उसळी मारून पळणारी जनावरे त्याच चाऱ्यावर कमी भरतात आणि काळीही तीच जास्त निघतात. सावली नव्हती. मोटारसायकल होती, कुत्री होती, घाई होती. आणि ती घाई याच सभेत, हात वर करून, सर्वांनी मंजूर केली होती.

सेलेपे कधी उठून गेला ते कुणी पाहिले नाही. त्याची टोपली मात्र राहिली.

दितिरो राहिला. पुढची खेप त्याने दोन दिवस चालवत नेली. कुत्री बांधलेली, पांढऱ्या तोंडाचा बैल सर्वांत मागे, आपल्या मर्जीने येणारा. तीन आठवड्यांनी कत्तलखान्याचा अहवाल आला. बावीसपैकी एकच काळे.

त्या संध्याकाळी रा-वामे बोअरवेलीवर गेले तेव्हा कुंपणापाशी रांग लागली होती. सेलेपेच्या थाळीला हात लावून तो कपाळाला लावणारी मा-पेओ, पेओची आई, सर्वांत पुढे एक वासरू धरून उभी होती.

“हात ठेव रे याच्यावर, दितिरो,” ती अजिजीने म्हणत होती. “तुझ्या सावलीत गुण आहे.”

दितिरोने रा-वामेंकडे पाहिले. महिन्यापूर्वी त्याच्या जवळ न फिरकणारी माणसे आता त्याच्या पायाशी बसायला तयार होती, आणि तो पूर्वीइतकाच एकटा दिसत होता.

“माझ्या हातात काही नाही, बाई,” तो म्हणाला. “मी घाई करत नाही, एवढंच. तुलाही जमेल. उद्या पहाटे ये, पुढं कसं चालायचं ते दाखवतो. पण हात ठेवणार नाही.”

मा-पेओ हिरमुसली. रांग हळूहळू विरली. रा-वामेंनी जाणाऱ्यांना उद्देशून, आवाज न चढवता सांगितले की मांस कापा, थाळीत ठेवा, अर्धा तास बघत बसा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, थाळीवर ठेवा. किती जणांनी ऐकले, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटी मा-पेओ आली. थोडी रागातच होती, पण वासरू घेऊन आली होती.

“कुठं उभं राहू?” तिने विचारले.

“त्याच्या पुढं,” दितिरो म्हणाला. “आणि मागं बघू नको.”