हौद तापवण्याचे स्वस्तातले उपाय

मागच्या अंगणातल्या हौदाबद्दल सुनेचं मत पहिल्या दिवसापासून वाईट होतं. घर विकत घेतलं तेव्हा हौद घरासोबत आला. कुणी न बोलावता लग्नाला आलेला दूरचा मामा महिनाभर मुक्काम ठोकतो, तसा तो येऊन बसला होता. आधीच्या मालकानं हौसेनं बांधलेला. निळ्या फरश्या, उतरायला पायऱ्या, एका टोकाला कंबरेइतकं पाणी, दुसऱ्या टोकाला छातीइतकं. नवरा त्याला ऐटीत 'स्विमिंग पूल' म्हणायचा. पण घरात पोहणारं कुणी नव्हतं, आणि जाळीनं पानं काढायचं काम मात्र हिच्याकडे. त्यामुळे तिच्या लेखी तो हौदच.

ती पडदे शिवायची, खुर्च्यांना खोळी घालून द्यायची. मागची खोली म्हणजे तिचं कामाचं ठिकाण. तिथल्या खिडकीतून शिलाई मशीनवर बसल्या बसल्या हौद दिसायचा आणि दिसला की तिचं डोकं दुखायचं.

मग सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, हात बऱ्यापैकी सुधारला, पण डाव्या पावलाला जमीन कळेनाशी झाली. पाऊल टेकलंय की हवेत आहे, हे त्यांना खाली बघूनच समजायचं. व्यायाम घेणाऱ्या बाई त्यांना सार्वजनिक तलावावर न्यायच्या आणि कोमट पाण्यात चालवायच्या. पाण्यात अंग हलकं व्हायचं, काठी लागायची नाही. तिथून आले की सासरे जेवताना दोनदा वाढून घ्यायचे आणि सुनेची थट्टासुद्धा करायचे. सगळं मार्गी लागत होतं, तेवढ्यात तो तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला.

"त्यात काय, तुमच्या घरी आहे की!" बाई म्हणाल्या. "पाणी तेवढं कोमट करा. गार पाण्यात स्नायू आखडतात. मी येऊन बघत जाईन."

पाणी तेवढं कोमट करा. बाई बोलून मोकळ्या झाल्या.

हीटरवाला आला, त्यानं हौद मापला आणि खर्च सांगितला. नवरा मटकन खुर्चीत बसला. पण हीटरवाला गेटबाहेर पडतो न पडतो तोच नवऱ्याच्या डोळ्यांत ती चमक आली. सुनेला ती चमक ओळखीची होती. मागे एकदा पंख्याचा आवाज घालवताना ती आली होती, आणि तो पंखा अजून माळ्यावर पडला होता.

"अगं, ऊन फुकट आहे," तो म्हणाला. "आपण स्वस्तात करू."

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचा, काड्या वाकवून द्यायचा, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायचा. कामात चोख माणूस. पण घरी आला की त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा व्हायचा.

पहिला उपाय काळ्या नळीचा. बागेला पाणी घालायची लांबलचक काळी नळी त्यानं शेडच्या छपरावर जिलबीसारखी गोल गोल गुंडाळली. पंप हौदातलं पाणी वर ढकलणार, उन्हात ते तापणार, दुसऱ्या टोकानं परत हौदात पडणार. दुपारी नळीतून खरंच चांगलं गरम पाणी आलं. नवऱ्यानं शेजाऱ्यालासुद्धा हात लावायला बोलावलं. पण दुसऱ्या सकाळी हौद पुन्हा बर्फ. तिसऱ्या सकाळीही तेच.

"नळी कमी पडतेय," नवरा म्हणाला आणि आणखी नळी घेऊन आला.

असंच काही दिवस चाललं. एकदा सून पहाटे मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली. नळीतून धार पडत होती. सहज हात धरला आणि 'आई गं!' म्हणून मागे घेतला. नळीचं पाणी हौदाच्या पाण्याहून गार होतं.

ती तशीच आत आली आणि नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"अहो, पंप रात्रभर चालू असतो?"

"हो. रात्री वीज स्वस्त असते," तो डोळे न उघडता म्हणाला. "सगळा हिशेब केलाय मी."

"आणि रात्री छपरावर ऊन असतं का? अख्खी रात्र तुम्ही पाणी वर नेऊन गार करताय आणि परत आणून ओतताय!"

नवरा उठून बसला. "तत्त्व बरोबर होतं," असं काहीतरी पुटपुटला आणि दात घासायला गेला. त्या दिवसापासून पंप उन्हात चालायला लागला, पण चूक झाली असं काही त्यानं म्हटलं नाही.

दुसरा उपाय झाकणाचा. दिवसभर कमावलेली ऊब रात्री उडून जाते, हौदाला पांघरूण हवं, हे त्याचं म्हणणं सुनेलाही पटलं. पण पांघरूण विकत आणेल तर तो नवरा कसला! दुकानात चष्म्यांच्या काचा यायच्या त्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून. ते तुकडे त्यानं गोणी भरभरून आणले आणि सुनेच्या मशीनशेजारी ओतले.

"तुला काय, तासाभराचं काम."

प्लास्टिक सुईखाली सरकेना, सरकलं की फुगे फटाफट फुटायचे. सुया मोडल्या. लोकांचे पडदे बाजूला पडले, गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. शेवटी झाकण झालं. आता रोज सकाळी दोघांनी दोन टोकं धरून ते काढायचं, संध्याकाळी घालायचं. काढताना त्याच्यावर साचलेलं पाणी हमखास तिच्याच बाजूनं सांडायचं.

"तुम्ही त्या टोकाला उभे राहता म्हणून इकडे ओघळतं," ती म्हणायची.

"उतार तुझ्याकडे आहे, त्याला मी काय करू?"

तरी पाणी सुधारत होतं, हे तिला मान्य करावं लागलं. पण पाहिजे तेवढं नाही. आणि मग एका रविवारी ती बाजारातून आली, तर कोपऱ्यात उभा केलेला काळ्या रेक्झीनचा तागा जागेवर नव्हता. एका दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्यांसाठी आणलेला, कोरा करकरीत. खिडकीतून बाहेर बघितलं आणि तिनं कपाळावर हात मारला. हौदाचा तळ, पायऱ्या, सगळं काळंकुट्ट झालं होतं. कडेला विटा ठेवून नवऱ्यानं अख्खा तागा तळाशी अंथरला होता.

"काळा रंग ऊन शोषून घेतो!" तो पाण्यातून निथळत वर येऊन म्हणाला. दात कडकडा वाजत होते, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अहो, ते डॉक्टरांचं रेक्झीन होतं!"

"दुसरं आणू. बाबांच्या पायापेक्षा खुर्च्या मोठ्या का?"

त्या आठवड्यात ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. पण रेक्झीननं काम केलं. ऊन लख्ख पडत होतं, आणि चार दिवसांत तरंगता थर्मामीटर अगदी बाई म्हणाल्या होत्या त्या आकड्यावर गेला. नवऱ्यानं दुकानातून रजा घेतली. सासऱ्यांना पोहायची चड्डी घातली, अंगावर टॉवेल टाकला आणि खुर्ची हौदाच्या काठाशी आणली. सासऱ्यांनी पाण्याकडे बघितलं. उजव्या पायाचा अंगठा बुडवला. डोळे मिटले.

"गारच आहे," ते म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा पडला. "बाबा, आकडा बघा ना."

"आकड्याला काय होतंय? गार आहे. राहू दे आज."

मग सुरू झाली नुसती धावपळ. वाऱ्यानं पाणी निवतं म्हणून हौदाभोवती बांबू ठोकून ताडपत्री बांधली. ती रात्रभर फडफडायची, शेजाऱ्यांनी तोंड वाकडं केलं. वर नणंदेचा फोन यायचा, "वहिनी, माझ्या बाबांना गार पाण्यात नका हं ढकलू." जणू इथे सगळे त्यासाठीच टपले होते. मग नणंदेनंच कुठंतरी वाचलं आणि भावाच्या डोक्यात भरवलं, की कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या ढिगात नळी पुरली तर पाणी तापतं. झालं! ढीग आला. थोडं तापलं म्हणे. माशा आल्या त्या मात्र भरपूर. सुनेला खिडकी बंद करून, घामाघूम होत पडदे शिवायची पाळी आली.

आणि दर दोन दिवसांनी तोच खेळ. खुर्ची, टॉवेल, अंगठा, "गारच आहे." बाई आल्या, कोपरापर्यंत हात घालून म्हणाल्या, "अहो, किती छान आहे!" सासरे म्हणाले, "तुमचा हात तरुण आहे." तोवर त्यांचा पाय पुन्हा आखडायला लागला होता. खोलीतून स्वयंपाकघरात यायला ते भिंत धरायला लागले. नवरा जेवताना गप्प राहायचा, नखं खायचा. ते बघून सुनेचा राग जायचा, आणि ढिगाचा वास आला की परत यायचा.

एका दुपारी नवरा दुकानात होता. ऊन चांगलं होतं, झाकण काढलेलं होतं. सुनेनं स्वतःच खुर्ची काठाशी नेली. सासऱ्यांनी अंगठा बुडवला.

"गार—"

"बाबा," ती म्हणाली. तिच्या हातात कात्री तशीच होती, ती तिनं खाली ठेवली. "माझ्या सुया मोडल्या. माझा तागा गेला. अंगणात उकिरडा झाला. तुमचा मुलगा झोपेत आकडे बडबडतो. आणि पाणी गार आहे?"

"माझ्या पायाला लागतं गार," सासरे दुसरीकडे बघत म्हणाले.

"बघू कसं लागतं ते!"

आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी हौदात उतरायला लागली. पहिली पायरी, दुसरी. पाणी मस्त कोमट होतं. दिवसभर वाकून आखडलेली तिची पाठसुद्धा सैल झाली असती. "हे गार आहे? हे?" ती मागे वळून म्हणाली आणि पुढे पाऊल टाकलं.

"पायरी!" सासरे ओरडले. "अगं, पायरी आहे अजून!"

पण तोवर उशीर झाला होता. तळ आला असं समजून तिनं पाऊल टाकलं होतं, ते खाली गेलं, आणि ती डोक्यापर्यंत बुडाली. नाकातोंडात पाणी गेलं. खोकत, केस बाजूला सारत ती उभी राहिली. सासरे खुर्चीतून अर्धवट उठले होते, चांगला हात तिच्याकडे लांब करून. चेहरा पांढराफटक.

"लागलं का गं? कुठं लागलं?"

"नाही लागलं. बसा, बसा तुम्ही, पडाल!" ती धापा टाकत म्हणाली. मग तिनं खाली बघितलं. काळं पाणी, काळा तळ. पायरी कुठं संपते आणि हौद कुठं सुरू होतो, काही म्हणता काही कळत नव्हतं. तिला स्वतःची पावलंसुद्धा धड दिसत नव्हती.

ती हळूहळू पायरीवर बसली, छातीपर्यंत पाण्यात.

"बाबा, तुम्हाला खालचं दिसत नाही. म्हणून उतरत नाही ना?"

सासऱ्यांनी दुसऱ्या हातानं टॉवेल गळ्याशी घट्ट धरला.

"तिकडे तलावात तळ पांढरा होता," शेवटी ते म्हणाले. "पाय दिसायचा. दिसला की टाकता येतो. इथं... विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. मला भीती वाटते गं."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? बिचारा ऊर फुटेस्तोवर राबतोय. पाण्यात कुडकुडत बसून अंथरलं त्यानं. त्याला म्हणू, काढ ते?"

सुनेला हसावं की रडावं कळेना. या घरातल्या पुरुषांना सरळ एक वाक्य बोलायचं म्हणजे जीव जातो, असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं होतं. पण सासऱ्यांचा हात अजून तसाच पुढे होता. तिनं तो धरला.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिनं त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही. सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढलाच.

"दिवसभर दुकानात लोकांना विचारता, आता नीट दिसतंय का, आता दिसतंय का. घरच्या माणसाला एकदा विचारलं असतं तर?"

नवरा हौदाच्या काठाशी जाऊन उभा राहिला. मग शर्ट काढून खांबाला अडकवला आणि पाण्यात उतरला. बुडी मारून विटा एकेक वर आणल्या. सुनेनं वरून रेक्झीनचं टोक ओढलं. ओलं रेक्झीन इतकं जड झालं होतं, की दोघं ओढून ओढून थकले. "हळू," तो म्हणाला. "तुम्ही हळू," ती म्हणाली. खिडकीत सासरे उभे होते, भिंत धरून. नवऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाला, "बाबा, चुकलं माझं." पंख्यापासून आजवर हे शब्द सुनेनं ऐकले नव्हते.

पुढचे दोन दिवस नवऱ्यानं पाणी उपसून पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगानं रंगवल्या आणि काठाला लोखंडी पाइपचा कठडा बसवला. पालापाचोळ्याचा ढीग सुनेनं स्वतः उभं राहून त्याला उचलायला लावला. ताडपत्री, नळी आणि झाकण राहिलं. नव्यानं भरलेल्या पाण्याचं तापमान हळूहळू वर चढलं, पण पूर्वीच्या आकड्याच्या थोडं अलीकडेच थांबलं. बाई म्हणाल्या, "चालेल, थोडा वेळच उतरवा."

त्या दिवशी सुनेनं मुद्दाम काम खिडकीशी घेतलं. बाई काठावर, नवरा पाण्यात. सासऱ्यांनी कठडा धरला, खाली बघितलं, पांढऱ्या कडेवर डावं पाऊल ठेवलं. मग पुढचं. शेवटच्या पायरीशी ते थांबले. ते इतका वेळ थांबले की सुनेच्या हातातला धागा सुईतून निसटला. मग त्यांनी पाऊल टाकलं. नवरा त्यांच्यासमोर उलटा चालत होता, दोन्ही हात पुढे करून, पण अंगाला न लावता. मध्यावर सासऱ्यांनी कठडा सोडला.

बाई टाळ्या वाजवून, पुढच्या खेपेची वेळ ठरवून निघून गेल्या. बापलेक मात्र बाहेर यायचं नाव घेईनात. एक फेरी, आणखी एक फेरी. मुलगा वाऱ्याची दिशा समजावत होता आणि बाप त्याला खोडून काढत होता. ढग आले, ऊन गेलं, दोघांची बोटं सुरकुतली.

सुनेनं खिडकी उघडली आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं ओरडली.

"अहो, ओठ निळे पडलेत दोघांचे! या की आता बाहेर!"

"आलोच," दोघं एकदम म्हणाले आणि पुन्हा पलीकडच्या टोकाकडे वळले.